कातडीचा कॅन्सर, कोहळं आणि पंचवीस हजारांची गोळी

मेडिकलच्या काउंटरवर जीवनसत्त्व ‘अ’ची मऊ, पिवळसर गोळी मिळते. पाकिटावर २५,००० किंवा ५०,००० युनिट असं छापलेलं असतं. ‘व्हिटॅमिन ए घ्या, कातडीचा कॅन्सर टाळा’ असा मजकूर मोबाइलवर फिरत असतो, गोळी स्वस्त असते, आणि जीवनसत्त्वच तर आहे, त्यानं काय वाईट होणार, असा सगळ्यांचा समज असतो.

२५,००० हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या संशोधकांनी २,२९७ लोकांवर एक चाचणी केली आणि १९९७ साली निष्कर्ष छापला. निम्म्यांना रोज २५,००० युनिट रेटिनॉल, म्हणजे तयार जीवनसत्त्व ‘अ’, आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली पोकळ गोळी. पाच वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं. स्क्वॅमस सेल प्रकारचा (कातडीच्या चपट्या पेशींतून उठणारा) पहिला कॅन्सर होण्याचं प्रमाण रेटिनॉलच्या गटात २६ टक्क्यांनी कमी निघालं. बेसल सेल प्रकारात (सगळ्यात खालच्या थरातून उठणाऱ्या) काहीच फरक नाही.

इथवर वाचून माणूस गोळी आणायला निघतो. चाचणीत घेतलं कोणाला होतं, हे वाचायचं राहून जातं. गोऱ्या कातडीवर वर्षानुवर्षांच्या उन्हानं खरखरीत, खपलीसारखे डाग उठतात, त्यांना अ‍ॅक्टिनिक केराटोसिस म्हणतात. असे दहाहून जास्त डाग ज्यांना होते, तीच माणसं घेतली होती. आपल्याकडे चाळीस वर्षं वावरात राबलेल्या कास्तकाराच्या चेहऱ्यावरही असे दहा डाग शोधून सापडायचे नाहीत, कारण काळ्या-सावळ्या कातडीतलं मेलॅनिन, म्हणजे तिचा रंग, ऊन आधीच अडवत असतं. म्हणजे ज्या चाचणीच्या जोरावर गोळी विकत घ्यायची, त्या चाचणीत आपल्या गावातलं जवळपास कोणीच बसलं नसतं.

त्याच सुमारास आणखी एक चाचणी झाली. तिच्यात ज्यांना आधीच चार किंवा जास्त वेळा कातडीचा कॅन्सर होऊन गेलाय अशी ५२५ माणसं होती. त्यांना रेटिनॉलचाही उपयोग झाला नाही आणि कमी डोसच्या आयसोट्रेटिनॉइनचाही (हे जीवनसत्त्व ‘अ’च्या घराण्यातलं औषध) नाही. धोका मध्यम असेल तर थोडा फायदा, धोका वाढला की तोही नाही. हा निकाल मोबाइलवर फिरत नाही.

आता हिशेब. रेटिनॉलचं १ युनिट म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम, म्हणून २५,००० युनिट म्हणजे ७,५०० मायक्रोग्रॅम. आपल्या आयसीएमआरनं (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं) २०२० मध्ये सांगितलेली रोजची गरज पुरुषाला १,००० आणि बाईला ८४० मायक्रोग्रॅम आहे. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय रोज घेण्याची वरची हद्द ३,०००. एक गोळी या हद्दीच्या अडीच पट, पन्नास हजारांची असेल तर पाच पट. पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं. हे चरबीत विरघळतं आणि यकृतात साठत राहतं. महिनोन् महिने घेतलं की डोकं दुखतं, केस गळतात, ओठ फाटतात, अंगाची सालपटं निघतात, यकृत बिघडतं. घरात दिवस गेलेली सून असेल तर ही गोळी हाताला लागेल अशा जागी नसावी. गरोदरपणाच्या सुरुवातीला रोज १०,००० युनिटच्या वर तयार जीवनसत्त्व ‘अ’ गेलं, तर बाळात व्यंग येण्याचा धोका वाढतो. रक्त वाढावं म्हणून गरोदर बाईला बकऱ्याची कलेजी खाऊ घालतात, तिथंही हेच. शंभर ग्रॅम कलेजीत हजारो मायक्रोग्रॅम रेटिनॉल असतं. पहिले तीन महिने ती नकोच. रक्तासाठी लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात मिळतात.

अंगणवाडीत पोरांना पाजतात त्या डोसाची गोष्ट वेगळी आहे. नवव्या महिन्यात १ लाख युनिट, मग पाच वर्षांचं होईस्तोवर दर सहा महिन्यांनी २ लाख, असे एकूण नऊ डोस. ते रातांधळेपणा आणि मरणं टाळण्यासाठी, कमतरता असलेल्या वयासाठी आहेत. कॅन्सरशी त्यांचा संबंध नाही, आणि बाटलीत उरलं म्हणून मोठ्यांनी चमचाभर घेणं साफ चूक.

मग हे जीवनसत्त्व कातडीत करतं तरी काय? कातडीच्या सगळ्यात खालच्या थरात पेशी जन्मतात, वर सरकतात, चपट्या होतात, कडक होतात आणि शेवटी मळासारख्या गळून पडतात. या प्रवासात कोणत्या पेशीनं केव्हा वाढ थांबवून पक्व व्हायचं, याचा हुकूम देणाऱ्यांत रेटिनॉइक आम्ल येतं. ते शरीर जीवनसत्त्व ‘अ’पासूनच बनवतं. पेशीच्या केंद्रकात त्याला धरणारी खास प्रथिनं (रिसेप्टर) असतात. रेटिनॉइक आम्ल तिथं चिकटलं की काही जनुकं चालू होतात, काही बंद होतात. १९२५ साली वोलबाक आणि हाउ या दोघांनी उंदरांच्या खाण्यातून जीवनसत्त्व ‘अ’ काढून टाकलं. श्वासनलिकेची, लघवीच्या मार्गाची मऊ, ओलसर अस्तरं कातडीसारखी जाड आणि कोरडी झालेली त्यांना दिसली. कॅन्सर म्हणजे पक्व न होता नुसती वाढत सुटलेली पेशी. तिला पक्व व्हायला लावणारा पदार्थ कॅन्सर रोखेल, हा तर्क तिथून सुरू झाला.

तर्क चुकीचा नाही. पण तो कसा लागू पडतो ते आपल्याला डवरणीवरून पटकन समजेल. पराटीत (कपाशीत) डवरा, म्हणजे कोळपं, फिरवला की तण दबतं. पंधरा दिवस सोडा, पुन्हा डोकं वर काढतं. बियाणं जमिनीतच असतं.

याचा सगळ्यात लख्ख दाखला झिरोडर्मा पिग्मेंटोझम या आजाराचा आहे. यात उन्हानं बिघडलेला डीएनए दुरुस्त करण्याची शक्ती जन्मापासून नसते. तान्ह्या वयातच तोंडावर तीळ-चट्टे उठतात, डोळ्यांना उजेड सहन होत नाही आणि कमी वयात कातडीचे कॅन्सर एकामागून एक येतात. मामाच्या पोरीशी लग्न करायची चाल जिथं आहे तिथं हा आजार दिसण्याची शक्यता वाढते, म्हणून आपल्याला तो माहीत असलेला बरा. अशा पाच रुग्णांना दोन वर्षं मोठ्या डोसमध्ये आयसोट्रेटिनॉइन दिलं आणि १९८८ साली त्याचा निष्कर्ष आला: नवे कॅन्सर ६३ टक्क्यांनी घटले. औषध थांबवल्यावर ते पुन्हा येऊ लागले, औषध चालू असतानाच्या कितीतरी पट वेगानं.

दुसरा दाखला आपल्या देशातला, आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्यांनी तो नीट वाचावा. केरळातल्या मच्छीमारांच्या तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर, म्हणजे ल्युकोप्लाकियावर, जीवनसत्त्व ‘अ’ वर्षभर देऊन पाहिलं. निष्कर्ष १९९७चा. ज्यांना ते दिलं त्यांच्यातल्या ५२ टक्क्यांचे चट्टे पूर्ण गेले, पोकळ गोळीवाल्यांत फक्त १० टक्क्यांचे. डोस थांबल्यावर बरे झालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांचे चट्टे परत आले. खर्रा चालू ठेवून गोळी खाणं म्हणजे एका हातानं निंदायचं आणि दुसऱ्या हातानं तणाचं बी फेकायचं.

किडनी बदललेल्या रुग्णांतही असंच दिसलं. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात, त्यामुळे कातडीचा कॅन्सर वाढतो. १९९५च्या एका छोट्या चाचणीत सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम अ‍ॅसिट्रेटिन (हेही त्याच घराण्यातलं औषध) घेणाऱ्या १९ जणांपैकी दोघांना नवा स्क्वॅमस कॅन्सर झाला, पोकळ गोळीच्या १९ जणांपैकी नऊ जणांना. फरक मोठा आहे, पण तोही औषध चालू असेपर्यंतचाच.

आता जे चाललं नाही ते. गाजरातलं बीटा-कॅरोटीन गोळीतून दिलं तर? १,८०५ रुग्णांना पाच वर्षं रोज ५० मिलिग्रॅम देण्याची चाचणी १९९० साली छापून आली. काही फरक नाही. ऑस्ट्रेलियात नाम्बूर या गावात १,६२१ रहिवाशांवर १९९२ ते १९९६ अशी चाचणी झाली, तिथंही बीटा-कॅरोटीन निरुपयोगी ठरलं. त्याच चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत मात्र स्क्वॅमस कॅन्सर सुमारे ४० टक्क्यांनी घटला. त्याच घराण्यातल्या ट्रेटिनॉइनची ०.१ टक्क्याची क्रीम चेहऱ्याला आणि कानांना लावून १,१३१ माजी सैनिकांवर पाहिली, कॅन्सर कमी झाला नाही. आणि विडी ओढणाऱ्यांसाठी खास: फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासात बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त झाला. गाजर खाऊन असं होत नाही. गोळीतून, एकट्यानं, मोठ्या डोसमध्ये गेलं तर होतं.

खाण्याच्या बाजूनं भक्कम म्हणावा असा पुरावा २०१९चा आहे. अमेरिकेतल्या सव्वा लाखाच्या आसपास परिचारिका आणि आरोग्य-व्यावसायिकांच्या खाण्याची नोंद पंचवीसहून जास्त वर्षं ठेवली होती. जीवनसत्त्व ‘अ’ सगळ्यात जास्त खाणाऱ्यांना स्क्वॅमस कॅन्सर सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी होता, आणि त्यांच्या पोटात ते मुख्यतः खाण्यातून गेलं होतं. ही नुसती नोंद आहे, गोळी देऊन केलेली चाचणी नव्हे. शिवाय बहुतेक सगळे गोरे. तरी दिशा कळते.

त्यावर सल्ला आला की रोज एक रताळं किंवा दोन मोठी गाजरं खा. मराठीत तो जसाच्या तसा उतरवला जातो आणि तिथंच घोटाळा होतो. त्यांचं रताळं आतून गडद केशरी असतं. आपण एकादशीला, शिवरात्रीला उकडून खातो ते बाहेरून लाल आणि आतून पांढरं. त्यात कॅरोटीन नावापुरतं. गाजराचंही तसंच. हिवाळ्यात बाजारात येणाऱ्या लाल गाजराचा रंग बराचसा लायकोपिनचा असतो, टमाट्याचा आणि टरबुजाचाही त्याचाच, आणि लायकोपिनपासून शरीर जीवनसत्त्व ‘अ’ बनवू शकत नाही. लाल गाजरात कॅरोटीन असतं, पण केशरी गाजराइतकं नाही. संत्र्यातून जीवनसत्त्व ‘अ’ थोडंच मिळतं, शंभर ग्रॅमला तीस-पस्तीस मायक्रोग्रॅम. नागपूरकरांना वाईट वाटेल, पण या कामाला संत्रं फार पुरं पडत नाही.

आपल्याकडचं खरं भांडार कोहळं. (बाहेरच्या वाचकांसाठी: विदर्भात लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. पेठ्याचा पांढरा कोहळा वेगळा.) फोड घेताना कापलेल्या बाजूचा गर पाहा. गडद केशरी असेल तर शंभर ग्रॅमला चारशे मायक्रोग्रॅमच्या आसपास जीवनसत्त्व ‘अ’ मिळतं, फिकट पिवळा असेल तर बरंच कमी. पिकलेलं कोहळं न कापता माळ्यावर महिनोन् महिने टिकतं, म्हणून उन्हाळ्यात पालेभाजी संपली की तेच हाताशी असतं. सोबत शेवग्याचा पाला, पालक, मेथी, अंबाडी, पहिल्या पावसानंतर बांधावर उगवणारा कोवळा तरोटा, आंब्याच्या दिवसांत आंबा आणि परसातली पिकलेली पपई. अंड्यात आणि दुधात तयार रेटिनॉल असतं, एका अंड्यात पाऊणशेच्या जवळपास.

कॅरोटीन अंगी लागण्यासाठी तेल हवं. १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनपासून शरीराला जेमतेम १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल मिळतं, आणि तेल नसेल तर तेवढंही नाही. त्या जेवणात माणशी चमचाभर तेल पुरतं, जवसाचं असो की सोयाबीनचं. फोडी फोडणीला टाकून झाकण ठेवायचं, दहा-बारा मिनिटांत मऊ होतात. घोटून मऊ केलेल्या भाजीतलं कॅरोटीन कच्च्यापेक्षा जास्त सुटतं. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, त्याला मारतात ते उजेड, हवा आणि तासन् तासाची आच. मेथी किंवा शेवग्याचा पाला वाळवायचा तर पत्र्यावर उन्हात पसरू नका. सावलीत, कापडाखाली वाळवा आणि बंद डब्यात अंधारात ठेवा. हिरवा रंग उडून पाला पिवळट-तपकिरी झाला की त्यातलं बरंच काही गेलं असं समजायचं. पोरांच्या पोटात जंत असतील तर खाल्लेलंही नीट लागत नाही. कोहळ्याचे बोंडही (गोड भजी) चालतात, तेल तर त्यात असतंच. फक्त गूळही असतो, मधुमेहवाल्यांनी हात आवरता घ्यावा.

एवढं करून कातडीचा कॅन्सर टळेल का? विदर्भातल्या खेड्यासाठी हा प्रश्नच थोडा बाजूला पडतो. आपल्याकडे हा कॅन्सर नुसत्या उन्हामुळे क्वचित होतो. तो बसतो जुन्या जखमेवर. लहानपणी चुलीवर, चिमणीच्या रॉकेलनं भाजलेला पाय, तिथली ताणलेली, चकाकणारी कातडी, तिच्यावर पुन्हा पुन्हा फाटणारी जखम. सरासरी तीसेक वर्षांनी तिथं स्क्वॅमस कॅन्सर उगवू शकतो, त्याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुष्ठरोगानं बधिर झालेल्या तळपायाच्या जुनाट जखमेतही हेच होतं. आणि एक आपल्या कपड्यातलं कारण: कमरेला रोज एकाच जागी करकचून बांधलेली परकराची नाडी किंवा धोतर. घाम आणि घर्षणानं तिथं काळा पट्टा पडतो, मग खवले, मग जखम. मुंबईच्या खानोलकरांनी १९४५ सालीच याची नोंद केली. नाडी बारीक सुतळीसारखी नको, रुंद पट्टी हवी, आणि बांधायची जागा रोज दोन बोटं वर-खाली करावी. तळपायावर किंवा नखाखाली पसरणारा काळा डाग काटा मोडल्याचा समजून सोडू नये, तो मेलानोमा, म्हणजे कातडीचाच एक घातक कॅन्सर, असू शकतो.

या जखमांना गोळी काही करत नाही, कोहळंही नाही. जखमेचा तुकडा काढून वेळेवर तपासणं, म्हणजे बायोप्सी, करतं. सहा आठवडे मलमपट्टी करूनही न भरणारी, कडा उचललेली, फुलकोबीसारखी वाढणारी, हात लावताच रक्त येणारी किंवा अचानक घाण वास सुटलेली जखम असेल तर बायोप्सी मागा. नेहमी होणारी चूक अशी की तुकडा जखमेच्या मधोमध घेतला जातो. तिथं मेलेलं मांस असतं आणि ‘फक्त सूज’ असा रिपोर्ट येतो. तुकडा उचललेल्या कडेचा, थोड्या चांगल्या कातडीसकट, मोठी जखम असेल तर दोन-तीन ठिकाणचा हवा. १० टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात. नाव बाटलीच्या अंगावर लिहावं, कारण झाकणं अदलाबदल होतात. रिपोर्ट साफ आला आणि जखम मात्र वाढतेच आहे, तर पुन्हा तुकडा घ्यायला लावा. सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल आणि राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय ही सोय करतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

उन्हापासून जपायची खरी गरज मोजक्यांना आहे: झिरोडर्माची पोरं, अल्बिनिझमची (कातडीत जन्मापासून रंग नसलेली) भुऱ्या केसांची माणसं, किडनी बदललेले. त्यांना पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, उघड्या भागाला सनस्क्रीन आणि अकरा ते चार सावली. वेचणीला बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, ते यासाठीही उत्तम.

रेटिनॉइडच्या, म्हणजे वर आलेल्या या घराण्यातल्या औषधांच्या, गोळ्या यांच्यातल्याच निवडक लोकांना, तज्ज्ञांच्या हातून मिळतात. सुरू करण्याआधी रक्तातली चरबी आणि यकृत तपासायचं, मग सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी. सोबत जीवनसत्त्व ‘अ’ची दुसरी गोळी नाही, डॉक्सिसायक्लिन नाही. ओठ आणि नाक कोरडं पडणारच, व्हॅसलीन लावायचं. मूल होण्याच्या वयातल्या बाईला अ‍ॅसिट्रेटिन देणं शक्यतो टाळतात, कारण औषध थांबल्यावरही तीन वर्षं दिवस जाऊ द्यायचे नसतात. दारू, मोहाचीसुद्धा, पोटात गेली तर शरीरात अ‍ॅसिट्रेटिनचं एट्रेटिनेट होतं आणि ते चरबीत आणखी लांब काळ टिकतं.

‘गोरं करणारी’ म्हणून काउंटरवर हातात ठेवली जाणारी तीन औषधांची क्रीम हा वेगळाच प्रकार. तिच्यात ट्रेटिनॉइनसोबत हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइड असतं. महिनोन् महिने लावली की कातडी पातळ होते, लाल होते, तोंडावर लव येते आणि ऊन आधीपेक्षा जास्त लागतं. कॅन्सर टाळण्याशी तिचा काहीही संबंध नाही.

आणि गावात जयंतीला रक्तदान शिबिर असतं, तेव्हा: आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यानं शेवटच्या गोळीनंतर महिनाभर आणि अ‍ॅसिट्रेटिन घेणाऱ्यानं तीन वर्षं रक्त द्यायचं नाही. ती पिशवी एखाद्या गरोदर बाईला लागू शकते. फॉर्मवर औषधांचा रकाना असतो, त्यात हे नाव लिहा.